तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे

टिळक हे नाव उच्चारले की महाराष्ट्राच्या दृष्टीसमोर लोकमान्यांची मूर्ती उभी राहते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु त्याच काळी, त्याच कोकणच्या मातीत जन्मलेले दुसरेही एक टिळक होते. कवी नारायण वामन टिळक यांचे ९ मे १९१९ रोजी मुंबईत देहावसान झाले. फुलामुलांचे कवी म्हणून पाठ्यपुस्तकांनी त्यांना आपलेसे केले; त्यांच्या जीवनातील सर्वांत मोठ्या घटनेविषयी मात्र आपण सुशिक्षित मंडळी संकोचाने मौन पाळतो. हा संकोच आम्हांस अनाठायी वाटतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली टिळकांचा जन्म झाला. वडील कडक, आई भाविक; तिच्या निधनानंतर हा मुलगा घर सोडून निघाला तो नाशिकास आला आणि तेथे संस्कृत शिकला. पुढची वर्षे भटकंतीची होती. नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या, कीर्तने केली, नागपूरला धनिकांच्या आश्रयाने ग्रंथांचे काम केले. अंतःकरणात मात्र एकच प्रश्न धुमसत होता. जातिभेदाने पोखरलेल्या या समाजाला एका ईश्वराच्या पायी एकत्र आणील असा धर्म कोणता? तो सापडेना, तेव्हा आपणच तो मांडावा, इथपर्यंत त्यांची मजल गेली होती.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. काव्याच्या गोष्टी निघाल्या, त्या धर्मावर आल्या, आणि त्या प्रवाशाने नव्या कराराची प्रत टिळकांच्या हाती ठेवून, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते अर्थातच हास्यास्पद वाटले. वचन दिले म्हणून ग्रंथ उघडला. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी आले, आणि पुस्तक खाली ठेववेना. ईश्वराची हाक म्हणतात ती पुष्कळदा अशीच येते. तिला मेघगर्जनेची गरज लागत नाही. तिसऱ्या वर्गाचा डबाही पुरतो. (तो तिसराच वर्ग होता काय, हे वाचकांनी आम्हांस विचारू नये.)

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या धर्मांतरामागे ना दुष्काळ होता, ना लोभ. उलट होते तेवढे सारे गेले. आप्त दुरावले, मित्रांनी पाठ फिरवली, आणि पत्नी लक्ष्मीबाई व मुलगा दत्तू यांची ताटातूट झाली. येथे आम्हांस स्पष्ट लिहिले पाहिजे. टिळकांच्या निष्ठेचे मोल टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंनी अधिक चुकते केले. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, समाजाची बोलणी आणि माहेर-सासरच्या आधारावर काढलेली सुमारे पाच वर्षे! साधुपुरुषांच्या चरित्रात हा हिशेब सहसा मांडला जात नाही. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये तो मांडला, आणि तोही कडवटपणाचा लवलेश न ठेवता, हसत हसत. पुढे त्या नगरला पतीकडे आल्या, तरी प्रथम सोवळेओवळे सोडले नाही. टिळकांनीही सक्ती केली नाही. विचारांती, स्वतःच्या मनाने, १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ख्रिस्ती होणे म्हणजे साहेब होणे, ही समजूत टिळकांनी आपल्या जगण्याने खोडून काढली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. मराठी देवळांत तोवर बहुतांशी परक्या चालींवर उपासना चाले. तेथे त्यांनी अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन आणले. त्यांची पदे मराठी ख्रिस्ती आजही गातात. १९०४ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी केले. बालकवी ठोंबरे काही काळ नगरला त्यांच्याच घरी राहिले. त्या घरात अनाथ मुले वाढली, आणि कोणाची जात कोणी पुसली नाही.

तरीही अस्वस्थता शमली नव्हती. मिशनच्या पगारावर जगणारा उपदेशक आपल्या देशबांधवांना परका वाटतो, हे शल्य त्यांना बोचत होते. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोन्हीकडच्या कर्मठांना ही कल्पना रुचण्याजोगी नव्हतीच. दरबार नीट रुजण्यापूर्वीच, दोन वर्षांत, त्याचा संस्थापक गेला.

ख्रिस्तचरित्रावरील त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ज्या स्त्रीला त्यांच्या धर्मांतराने एके काळी अनाथ केले, त्या लक्ष्मीबाईंनीच पुढे ६४ अध्याय रचून ते पुरे केले.