सुसान अँथनी : एका मताची किंमत

मतदानाचा हक्क आज आपल्याला स्त्री-पुरुष भेद न करता मिळतो. म्हणूनच त्याचे मोल चटकन ध्यानात येत नाही. ज्यांनी त्यासाठी उभे आयुष्य वेचले, त्यांत अमेरिकेच्या सुसान बी. अँथनी यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म १५ फेब्रुवारी १८२० रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. तरुणपणी त्या शिक्षिका झाल्या. काम तेच, पण पगार मात्र पुरुष शिक्षकांच्या मानाने फारच कमी. हा अन्याय त्यांच्या मनाला लागला. पुढे त्यांनी गुलामगिरीविरोधी आणि स्त्री-हक्काच्या चळवळीला वाहून घेतले.

१८७२ साली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली. त्या वेळचे अध्यक्ष ग्रँट यांच्याविरुद्ध न्यूयॉर्कचे संपादक होरेस ग्रीली उभे होते. न्यूयॉर्क राज्यात मत फक्त पुरुषांना होते. परंतु १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने त्या देशात जन्मलेल्यांना नागरिक ठरविले होते. मग स्त्री नागरिक नाही काय, असा अँथनींचा सरळ सवाल होता. रॉचेस्टर शहरात त्यांनी यादीत नाव नोंदविले आणि ५ नोव्हेंबरला मत दिले. त्यांच्याबरोबर वॉर्डातील आणखी चौदा स्त्रियांनीही मत दिले. ग्रीली आपल्याच राज्यात हरले; पण न्यूयॉर्कमधील ती निवडणूक आज अनेकांना आठवते ती या स्त्रियांमुळे.

दोन आठवड्यांच्या आत अँथनींना अटक झाली. खटल्यापूर्वी त्यांनी गावोगाव व्याख्याने देऊन आपली बाजू लोकांपुढे मांडली. जून १८७३ मध्ये न्यायाधीशांनी ज्यूरीला विचारविनिमय करू न देताच दोषी ठरविण्यास फर्माविले. शंभर डॉलर दंड झाला. अँथनींनी तो कधीच भरला नाही.

मात्र मुलींच्या शिक्षणासाठी पैसा देताना त्यांनी हात आखडला नाही. १९०० साली रॉचेस्टर विद्यापीठाने मुलींना प्रवेश देण्यासाठी मोठा निधी जमविण्याची अट घातली. शेवटच्या दिवशी रक्कम कमी पडली, तेव्हा ऐंशी वर्षांच्या अँथनींनी आपली आयुर्विम्याची पॉलिसी पुढे केली. मुलींना विद्यापीठाचे दार उघडले.

१३ मार्च १९०६ रोजी त्यांचे निधन झाले. एकोणिसाव्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९२० साली. लावलेल्या झाडाचे फळ त्यांना चाखता आले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, अठरा वर्षे पूर्ण होताच यादीत नाव नोंदवा. आणि पालकहो, मुलीचे शिक्षण पैशांअभावी थांबविण्याचा विचार मनात आला, तर ती पॉलिसी जरूर आठवा.