भूछत्रांची चित्रकर्ती

'पीटर रॅबिट' या सशाच्या गोष्टीमुळे बिॲट्रिक्स पॉटर घराघरांत पोचली. पण सशाआधी तिला वेड लावले होते ते भूछत्रांनी!

१८६६ साली लंडनमधील एका सधन घरात ती जन्मली. शिक्षण घरीच झाले. सुटीत कुटुंब स्कॉटलंडला जाई, तेव्हा डंकेल्डच्या रानात ती भूछत्रे शोधीत हिंडे. पायी टपाल वाटण्यात आयुष्य घालवलेला चार्ल्स मॅकिन्टॉश हा निसर्गवेडा तिचा गुरू झाला. तो नमुने धाडी. ती त्यांची चित्रे पाठवी. तिच्या वडिलांना छायाचित्रणाचा छंद होता. पण तेव्हाच्या छायाचित्रांत रंग नसत. टोपीची छटा, तिच्याखालच्या नाजूक पडद्या हे सारे तिने जलरंगांत टिपले.

पुढे तिने बीजाणू रुजवून सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची वाढ पाहिली. त्यावरील तिचा निबंध १ एप्रिल १८९७ रोजी लिनियन सोसायटीपुढे आला. पण तेथे स्त्रियांना प्रवेश नसल्याने तो जॉर्ज मॅसी यांनी मांडला. नंतर तिने तो मागे घेतला. तो कधीच छापला गेला नाही. १९०२ साली 'पीटर रॅबिट' प्रसिद्ध झाले आणि तिची वाट बदलली.

१९४३ साली ती निवर्तली. १९६७ साली मात्र फिंडले यांच्या भूछत्रांवरील ग्रंथात तिची ५९ चित्रे झळकली. १९९७ साली तिच्यावर अन्याय झाल्याचे सोसायटीच्या वतीने मान्य करण्यात आले. दार बंद राहिले, तरी डोळसपणे केलेले काम वाया गेले नाही.