प्रज्ञाचक्षु श्रीगुलाबराव महाराज

आषाढ शुद्ध दशमी म्हणजे पालख्या पंढरीला पोहोचतात तो दिवस. शके १८०३ च्या, म्हणजे इ. स. १८८१ च्या, याच तिथीला वऱ्हाडात अमरावतीकडे लोणी टाकळी या आजोळच्या गावी श्रीगुलाबराव महाराज जन्मले. मूळ गाव माधान. वडील गोंदुजी मोहोड, आई अलोकाबाई, घर कुणब्याचे. मूल नऊ महिन्यांचे असताना डोळ्यांत भलतेच औषध पडले आणि दृष्टी गेली ती गेलीच. चार वर्षांचे झाले तोच आई वारली. पुढे काही वर्षे आजोळीच आजीने वाढविले.

आता मंडळी, त्या काळचे खेडे डोळ्यांपुढे आणा. आंधळ्या पोराला कोण शिकवणार? ओसरीवर बसवून वेळेला भाकरी दिली की घरच्यांचे कर्तव्य सरले. त्यातून संस्कृत विद्या! तिच्या दाराशी जात आडवी उभी. आम्ही स्वतः पाठशाळेत वाढलो. समोर पोथी, शेजारी गुरुजी, दिव्यात तेल भरपूर, तरी सूत्रे सकाळी पाठ केली की संध्याकाळी निसटत. या मुलाजवळ यातले काहीच नव्हते, होते ते फक्त कान. कुणी वाचून दाखवील तेव्हा ऐकायचे आणि ऐकलेले धरून ठेवायचे. लोक याला चमत्कार म्हणून हात जोडतात नि मोकळे होतात. आम्हांला ते पुरे वाटत नाही. वाचणारा उठून गेला म्हणजे पोथी मिटते, पुढचे सारे मनातल्या मनात घोळायचे. ते कष्ट कुणाला दिसत नाहीत, म्हणून कुणी सांगत नाही एवढेच.

१८९६ साली मनकर्णिकाबाईंशी लग्न झाले, प्रपंच सुरू झाला. १९०१ साली, विसाव्या वर्षाच्या सुमारास, ज्ञानेश्वरमाउलींनी त्यांना आपल्या नावाचा मंत्र दिला, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. तेव्हापासून ते स्वतःला माउलींची कन्या आणि श्रीकृष्णाची पत्नी म्हणवू लागले. कुंकू लावीत, मंगळसूत्र घालीत. हसणारे हसले असतीलच, पुरुषाच्या कपाळी कुंकू पाहून कोण हसणार नाही? पण आपण कोण, हे त्यांनी लोकांना विचारून ठरवले नव्हते. त्यामुळे लोकांच्या हसण्याने ते पुसलेही गेले नाही. आमच्या मते त्यांच्या चरित्राची किल्ली इथेच आहे. डोळे नाहीत म्हणून ज्ञान नाही, हे ज्याने लहानपणीच मानले नाही, तो बाकीच्या गोष्टी तरी का मानील?

मग ग्रंथ सुरू झाले. हे सांगत, दुसरा लिहून घेई. ‘संप्रदायसुरतरु’ मराठी पद्यात, सूत्रग्रंथ संस्कृतात, ‘मानसायुर्वेद’ निराळ्याच विषयावर. डार्विन, स्पेन्सर यांची मतेही त्यांनी समजून घेतली आणि जिथे पटली नाहीत तिथे बेधडक खोडून काढली. आजही कित्येक शास्त्री इंग्रजी नाव ऐकले की विटाळ झाल्यासारखे दूर सरतात, त्यांनी हे जरूर पाहावे. आपल्या मधुराद्वैत मताची मांडणीही त्यांनी याच वर्षांत केली.

२० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यास त्यांनी देह ठेवला. वय चौतीस. मागे सव्वाशेहून अधिक ग्रंथ राहिले, त्यांतला एकही त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. ते वाङ्मय पुढे शिष्य बाबाजी महाराज पंडित यांनी सांभाळले.