व्याकरणकार दादोबा पांडुरंग आणि आपली इंग्रजी

(बी. ए. भाग २)

शाळेत इंग्रजीच्या तासाला प्रेपोझिशन हा शब्द आला की आमच्यासारख्यांच्या माना खाली जात. मग गुरुजी फळ्यावर त्याच्यासमोर शब्दयोगी अव्यय असे लिहीत आणि जरा धीर येई. नाऊन म्हणजे नाम, व्हर्ब म्हणजे क्रियापद, या जोड्या लहानपणापासून आपल्या तोंडपाठ आहेत. त्या जुळवल्या कोणी, हा प्रश्न मात्र कॉलेजात येईपर्यंत मला कधी पडला नव्हता. त्याचे उत्तर दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या चरित्रात सापडते.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. पेशवाई बुडाली तेव्हा ते चार वर्षांचे होते. नव्या राज्याबरोबर आलेली नवी भाषा ते मुंबईच्या इंग्रजी शाळेत शिकले आणि तिचे व्याकरणही शिकले. आपल्या भाषेला असे व्याकरण का नसावे, या विचाराने त्यांना घेरले. विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण लिहिले होते. पण ते इंग्रजीत होते आणि साहेबांना मराठी यावी म्हणून लिहिलेले होते. दादोबांनी मराठी मुलांसाठी मराठीतच लिहिले. १८३६ मध्ये त्यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस होते!

समोर नमुना होता लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा. संस्कृतात यास्काचार्यांनी शब्दांच्या चारच जाती मानल्या होत्या. इंग्रजी वळणाची आठ जातींची मांडणी मराठी शाळांत रुजली ती प्रामुख्याने दादोबांमुळे. अर्थात मराठीचा स्वभाव निराळाच राहिला. आपण झाडाखाली म्हणतो. इंग्रज अंडर द ट्री म्हणतो. आपला शब्दयोगी नामाच्या मागून येतो, त्यांचा पुढून. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यांचे कर्त्याच्या पाठोपाठ. इंग्रजीत आपण चुकतो ते बहुधा अशाच ठिकाणी. दादोबाही या व्याकरणावर जन्मभर काम करीत राहिले. १८८१ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांनी त्याची पूरणिका प्रसिद्ध केली.

मध्यंतरी ते माळव्यात जावऱ्याच्या नवाबाचे शिक्षक झाले, सुरतेस इंग्रजी शाळेत शिकवू लागले. १८४४ मध्ये तेथे दुर्गाराम मेहताजींसह त्यांनी मानवधर्म सभा काढली. पुढे मुंबईत शिक्षक तयार करण्याचे काम त्यांच्याकडे आले. जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेच्या स्थापनेतही त्यांचा पुढाकार होता. नंतर ते अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर झाले. त्यांचे बंधू भास्कर पांडुरंग यांनी १८४१ मध्ये इंग्रजी वृत्तपत्रात इंग्रजीतूनच कंपनी सरकारच्या लुटीवर कडक पत्रे लिहिली. परकी भाषा शिकून माणूस परका होतोच असे नाही, हे या घराने दाखवून दिले. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी दादोबांचे निधन झाले. घरोघरी गाजलेली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला मात्र त्यांची नव्हे. ती द्वारकानाथ तर्खडकरांची.

इंग्रजी शिकवण्याच्या दोन पद्धती आपण ऐकतो. एक व्याकरण-भाषांतर पद्धती, तिच्यात मातृभाषेचा हात धरून परभाषेकडे जायचे. दुसरी प्रत्यक्ष पद्धती, तिच्यात मातृभाषा वर्गाबाहेर ठेवून थेट इंग्रजीच बोलायची. दादोबांची परिभाषा पहिल्या वाटेवर आपल्या उपयोगी पडते. पण एक प्रश्न उरतोच. ही मातृभाषा नेमकी कोणाची?

माझ्या घरी पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढलो तो मी. आमच्या घरात मी जेवून राहिलो असे म्हणतात. शाळेच्या वहीत मी तसे लिहिले तर तांबडी रेघ यायची, कारण शुद्ध रूप मी जेवत आहे. इंग्रजीतला चालू वर्तमानकाळ मला कित्येक वर्षे समजला नाही. एके दिवशी सहज लक्षात आले, की आय ॲम ईटिंग म्हणजे आईचे जेवून राहिलोच की! तांबड्या रेघेखाली जे गेले होते, त्यातच माझी किल्ली होती. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात तर कोलामी, गोंडी, बंजारा बोलणारी मुले आहेत. त्यांना मराठी हीच दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. त्यांच्या घरच्या शब्दाला फळ्यावर कोण लिहिणार?

दादोबांचे व्याकरण शिष्टांच्या मराठीचे, हे खरे. पण आपली भाषा कोणत्याही भाषेशेजारी ताठ मानेने बसू शकते, हा विश्वास त्यांनीच दिला. मित्रहो, बाविसाव्या वर्षी त्यांनी मराठीसाठी जे केले ते आपल्या बोलीसाठी आपल्यापैकी कोणी करील काय? मी एकोणीस वर्षांचा आहे. घरी गेलो की आता आईचे शब्द वहीत टिपून ठेवतो.