ताळेबंदाचा वाचक : बेंजामिन ग्रॅहॅम

वित्तीय विश्लेषक हा आज मुंबई-पुण्याच्या वाणिज्य पदवीधरांना खुणावणारा पेशा आहे. १९१४ मध्ये मात्र वॉल स्ट्रीटवर या कामाला धड नावही नव्हते. आठवड्याला बारा डॉलर पगारावर एका दलाली पेढीत शिरलेल्या बेंजामिन ग्रॅहॅम यांनी त्याला शास्त्राची बैठक दिली.

९ मे १८९४ रोजी लंडनमध्ये जन्मलेला बेंजामिन बालपणीच न्यूयॉर्कला आला. १९०३ मध्ये वडील वारले, व्यवसाय बसला. आईने उसनवारीवर समभाग घेतले, ते १९०७ च्या घबराटीत बुडाले. कोलंबिया विद्यापीठातून पदवी मिळताच इंग्रजी, गणित आणि तत्त्वज्ञान या तिन्ही विभागांनी त्यांना अध्यापनासाठी बोलावले. त्यांनी शेअर बाजार निवडला. गरिबी पाहिलेल्या मुलाची ही निवड समजण्याजोगी आहे.

त्या काळी बाजार कुजबुजीवर चाले; कंपन्यांचे अहवाल वाचण्याची तसदी फारसे कोणी घेत नसे. १९२६ मध्ये ग्रॅहॅम यांनी तेलवाहिन्यांच्या कंपन्यांनी सरकारदरबारी सादर केलेली विवरणपत्रे वॉशिंग्टनला जाऊन तपासली. नॉर्दर्न पाइपलाइन कंपनीचा समभाग ६५ डॉलरला मिळत होता आणि तिच्याकडे दर समभागामागे सुमारे ९५ डॉलरचे रोखे व रोकड पडून होती! हा पैसा भागधारकांना वाटावा, अशी मागणी घेऊन ते १९२७ च्या आरंभी ऑइल सिटी या आडगावी वार्षिक सभेला गेले. तेथे त्यांच्या प्रस्तावाला अनुमोदक मिळाला नाही. पुढच्या वर्षी पुरेशी मुखत्यारपत्रे जमवून ते परतले, संचालक मंडळात दोन जागा मिळवल्या, आणि अखेर कंपनीने समभागामागे ७० डॉलर वाटले.

एवढ्या सावध माणसालाही १९२९ च्या कोसळीने सोडले नाही. उधारीचा मोह त्यांनाही नडला. १९३२ पर्यंत त्यांच्या निधीचे सुमारे ७० टक्के मूल्य नष्ट झाले. भागीदार जेरोम न्यूमन यांच्यासह त्यांनी तूट भरून निघेपर्यंत मोबदल्याविना काम केले. त्याच खडतर काळात, डेव्हिड डॉड यांच्या साहाय्याने, १९३४ मध्ये ‘सिक्युरिटी अ‍ॅनालिसिस’ हा ग्रंथ सिद्ध झाला. मूळ मूल्य आणि बाजारभाव यांत पुरेसे अंतर राखावे, म्हणजे अंदाज चुकला तरी भांडवल बुडत नाही, हे त्याचे सार. वर्षानुवर्षे कोलंबियात ते हेच शिकवत राहिले. वॉरन बफे त्यांचेच विद्यार्थी.

वैद्याप्रमाणे विश्लेषकानेही परीक्षा देऊन पात्रता सिद्ध करावी, असा आग्रह त्यांनी १९४० च्या दशकात धरला. अनेक सहव्यावसायिकांना तो रुचला नाही. सनदी वित्तीय विश्लेषकांची, म्हणजेच ‘सीएफए’ची, पहिली परीक्षा त्यानंतर १९६३ मध्ये झाली. ग्रॅहॅम तोवर बाजारातून निवृत्त झाले होते. २१ सप्टेंबर १९७६ रोजी फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले.