सासवन्याचे शिल्पकार करमरकर

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात, चिखलीजवळच्या एका खेड्यात, मुलांना मातीकाम शिकविण्याचे काम माझ्याकडे आले. काळी माती वाळताना तडकते हे शेतकऱ्याच्या पोराला ठाऊक असायला हवे. पण मी तीच आणली, आणि पोळ्याच्या बैलांचे पाय गळून पडले! मग गावच्या कुंभारकाकांनी तीत राख नि लीद कालवून दिली. परत आल्यावर ग्रंथालयात करमरकरांची माहिती शोधून वाचली.

विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म १८९१ साली अलिबागजवळच्या सासवने गावी झाला. घरी गणपती करण्याची परंपरा होती. तेव्हा माती कशी मळावी, बोटांनी कशी दाबावी, हे त्यांना घरातच मिळाले. चित्रकलेचाही नाद होता. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी शिवाजी महाराजांचे चित्र काढले. जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या ते नजरेस पडले. हा साहेब कलेचा जाणकार निघाला. त्याने मुलाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडले. साहेब येण्यापूर्वी कोणी ती भिंत चुन्याने सारवली असती तर? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, म्हणून हा प्रश्न मला सोडीत नाही.

पुढे कलकत्त्यात त्यांनी नाव मिळविले, १९२० साली शिक्षणासाठी ते लंडनला गेले. पण त्यांचे खरे मोठे काम म्हणजे पुण्यातील शिवरायांचा अश्वारूढ पुतळा. उंची साडेतेरा फूट, आणि तुकडे न जोडता एकसंध ओतलेला! त्यासाठी माझगावच्या गोदीत भट्टी पेटली. एवढा धातू साच्यात एकदाच ओतायचा. कुठे पोकळी राहिली की महिन्यांची मेहनत फुकट. पुतळा साधला, आणि १९२८ साली पुण्यात उभा राहिला. देवळाच्या भिंतीवरचे महाराज असे घोड्यावर बसले.

एवढे नाव झाले तरी सासवने सुटले नाही. घरची माणसे, कोळीण, म्हैस असे रोजचे विषय त्यांनी साध्या सिमेंटमध्येही घडविले. १९६७ साली ते वारले. ही शिल्पे आज त्यांच्या राहत्या घरीच संग्रहालयात पाहायला मिळतात. अजून माझे जाणे झालेले नाही.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी मुलांचे बैल ओट्यावर वाळत होते. सगळे समोर पाहणारे. एकच मान वळवून मागे पाहत होता, वासराकडे पाहावे तसा. तो कोणी केला, हे विचारायचे माझ्याकडून राहून गेले.