हजेरीपटातून सुटका : राजर्षी शाहू आणि जन्माने ठरलेले गुन्हेगार

अल बर्शा, दुबई : मध्यरात्री अल बर्शातला रस्ता निर्मनुष्य असतो, तरीही लाल दिव्यापाशी आपली गाडी थांबते. सुट्टीत पुण्याला उतरलेला हाच चालक दुसऱ्याच दिवशी भोंगा वाजवीत सिग्नल ओलांडतो. तीन तासांच्या विमानप्रवासात कोणाचा स्वभाव पालटत नाही. पालटते ती भोवतालची परिस्थिती. मग माणसाच्या उद्दाम वा गुन्हेगारी वर्तनात स्वभावाचा वाटा किती आणि परिस्थितीचा किती? या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या एका राजाने प्रत्यक्ष राज्यकारभारात शोधले.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतरावांचा जन्म झाला. तीन वर्षांचे असतानाच ते आईला पारखे झाले. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. ही गादी सुखाची नव्हती. त्यांच्या आधीचे छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात पहाऱ्यात ठेवले होते. तेथेच १८८३ च्या डिसेंबरात एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत, अवघ्या विसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. त्यांच्या छळाविषयी लिहिल्याबद्दल टिळक आणि आगरकर यांनी डोंगरीचा तुरुंगवास भोगला होता. माणसावर एक शिक्का मारला की त्याची प्रत्येक हालचाल त्या शिक्क्याचाच पुरावा कशी ठरते, याचे उदाहरण शाहूंना वारशातच मिळाले.

राजकोट आणि धारवाड येथील शिक्षणानंतर २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी अधिकारसूत्रे हाती घेतली. पुढे १८९९ मध्ये पंचगंगेच्या घाटावर, पुरोहित आपल्यासाठी वेदोक्त नव्हे तर पुराणोक्त मंत्र म्हणतो, हे त्यांच्या ध्यानात आले. छत्रपती असूनही जन्मावरून आपली पायरी दुसराच कोणी ठरवितो, हा अनुभव त्यांच्या जिव्हारी लागला. राजाची ही गत, तर ज्यांच्यापाशी गादी नाही, जमीन नाही, त्यांचे काय होत असेल?

त्या लोकांसाठी इंग्रजांनी १८७१ मध्येच कायदा केला होता. त्यान्वये उत्तर हिंदुस्थानातील काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. १९११ च्या सुधारित कायद्याने हे जाळे देशभर पसरले. कोल्हापूर संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड यांना गावच्या चावडीवर हजेरी द्यावी लागे. या प्रथेचे तर्कशास्त्र क्रूर होते. हजेरी चुकवून परगावी मजुरीला जावे तर संशय येणार. गावातच राहावे तर काम नाही. चोरी कोठेही झाली तरी पहिली धाड त्यांच्याच वस्तीवर. प्रामाणिकपणाने काही लाभत नाही आणि अप्रामाणिकपणाने अधिक काही गमवावे लागत नाही, अशा कोंडीत चांगला माणूसही चांगला राहणे कठीण. पुढे कोंडीतून चोरी घडली की तिचे खापर रक्तावर फोडले जाई.

१९१८ मध्ये शाहूंनी ही हजेरी बंद केली. फासेपारध्यांच्या बाबतीत तर ते आणखी पुढे गेले. शिकारीच्या छंदामुळे रानातल्या या माणसांचे कसब, चपळाई आणि इमान त्यांनी जवळून पाहिले होते. ज्यांना पाहून गावे दारे लावून घेत, त्यांना त्यांनी राहायला जागा दिली, बांधकामांवर मजुरी दिली आणि पहाऱ्याचे कामही सोपविले. ज्याच्यापासून जपायचे त्याच्याच हाती राखण देण्यात मोठा धोका होता. परंतु विश्वास टाकला की माणसाला तो राखावासा वाटतो, हे त्यांनी ओळखले होते. शिक्का बसलेला माणूस हळूहळू त्या शिक्क्यासारखाच वागू लागतो, हा विचार अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांच्या १९६३ च्या ग्रंथाने जगभर पोहोचला. शाहूंनी त्याचा प्रयोग त्याआधी साडेचार दशके केला होता.

परिस्थिती समजून घेणे म्हणजे गुन्हा पोटात घालणे नव्हे, याचेही भान त्यांना होते. ज्याने गुन्हा केला त्याला शासन व्हावे. जो केवळ एका वस्तीत जन्मला त्याला नव्हे, एवढाच त्यांचा भेद होता. १९०२ चे पन्नास टक्के राखीव जागांचे फर्मान, वसतिगृहे, १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा, ही सारी कामे त्याच विचाराच्या फांद्या होत.

६ मे १९२२ रोजी मुंबईत, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, महाराजांनी देह ठेवला. त्यांचा हुकूम त्यांच्या संस्थानापुरताच होता. सरहद्दीपलीकडे जमातींच्या नोंदवह्या चालूच राहिल्या. सोलापूरच्या वसाहतीत तर कुटुंबेच्या कुटुंबे काटेरी तारांच्या कुंपणात वाढली. स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षे लोटली, तेव्हा कोठे ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त ठरल्या.

कायदा गेला, मनातली नोंदवही मात्र गेलेली नाही. पुढच्या सुट्टीत गावी गेल्यावर एखाद्या चोरीची वार्ता कानी आली, तर पुरावा मिळण्यापूर्वी पहिले नाव कोणत्या वस्तीचे घेतले जाते, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. ते नाव आपल्याच ओठांवर आले, तर ती हजेरी अजून आपणच घेत आहोत.